टिनाच्या शेडातली सोडतपाटी : दहा महिने वापरून झाल्यावर

घाटंजीच्या बाजूला, आमच्या गावापासून सात किलोमीटरवर, रस्त्याला लागून टिनाचं एक शेड आहे. दुकानाला नाव नाही, पाटी नाही. बाहेर दिवाणाचे पाय रचलेले दिसले आणि रंधा मारायचा आवाज आला की समजायचं, हेच. इथल्या वाढईकाकांकडून मी गेल्या वर्षी एक वस्तू करून घेतली : सगळ्यांसमोर नावांची सोडत काढायची लाकडी फळी. त्यांनी ती आधी कधी केली नव्हती, आणि यवतमाळ जिल्ह्यात कोणी केली असेल असंही मला वाटत नाही. शाळेचं पूर्ण वर्ष ती रोजच्या वापरात होती, म्हणून आता तिच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. दरवर्षी जुलैत शालेय मंत्रिमंडळ निवडायचं असतं. पोरं हात वर करतात, आपण मोजतो, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री ठरतात. सहा वर्षं मी हे केलं आणि सहाही वर्षं नावं त्याच चार-पाच घरांतली निघाली. ज्यांचे वडील पंचायतीत, ज्यांचं किराणा दुकान, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, पोरं मागच्या खिडकीपाशी बसतात. ती हात वर करतात, पण दुसऱ्याच्या नावासाठी. स्वतःचं नाव सुचवायला एकही पोर कधी उठलं नाही.

चिठ्ठ्या टाकून पाहू असं एकदा वाटलं होतं. पण आपल्याकडे चिठ्ठीवर लोकांचा विश्वास किती, हे मी पाहिलेलं आहे. एका ठिकाणी सरपंचपदाच्या आरक्षणाच्या सोडतीला मी हजर होते. लहान मुलीने डब्यातून चिठ्ठी काढली, आणि नाव वाचून व्हायच्या आत मागून आवाज आला, 'ते चिठ्ठी येगळी घडी केलेली होती.' खरं होतं की खोटं, देव जाणे. पण त्या गावात अजूनही ती गोष्ट निघते. घडी घातलेला कागद दिसत नाही, म्हणून शंका येते. मला सगळ्या पोरांना उघड्या डोळ्यांनी दिसेल अशी सोडत पाहिजे होती.

ती मला ग्रीसमधल्या जुन्या अथेन्सच्या इतिहासात सापडली. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वी नगराचं कामकाज पाहायला ५०० जणांचं मंडळ होतं. त्याला 'बुले' म्हणत. हे ५०० जण मतदानाने नाही, सोडतीने निघत. तीस वर्षांवरचा कोणताही नागरिक नाव देऊ शकायचा. मुदत एका वर्षाची, आणि आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. सेनापती तेवढे हात वर करून निवडत, कारण लढाईला अनुभव लागतो. बाकी बहुतेक पदं सोडतीवर. न्यायसभेत कोण बसणार हेही त्या त्या दिवशी सकाळी सोडतीनेच ठरे, आणि त्यासाठी त्यांनी एक यंत्र केलं होतं. त्याचं नाव क्लेरोटेरियन.

संगमरवराची उभी शिळा. तिच्यावर उभ्या रांगांत बारीक खाचा. प्रत्येक नागरिकाकडे आपल्या नावाची पट्टी असायची, आधी पितळेसारख्या मिश्र धातूची, नंतर लाकडाची. तिच्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव. पट्ट्या खाचांमध्ये बसवायच्या. शिळेच्या कडेला उभी नळी. वरून काळे आणि पांढरे गोळे मिसळून ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा आला तर पहिली आडवी ओळ पूर्ण निवडली, काळा आला तर ती पूर्ण ओळ घरी. मग दुसरी ओळ. कुणाची पट्टी कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं, गोळा पडतो तोही सगळ्यांना दिसतो. अशा शिळेचा एक मोठा तुकडा आजही अथेन्सच्या आगोरा, म्हणजे जुन्या बाजारचौकातल्या, संग्रहालयात आहे. वापर कसा होई हे अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात येतं. तो ग्रंथ शेकडो वर्षं हरवलेला होता. इजिप्तमध्ये पपायरस या जुन्या कागदावर सापडला आणि १८९१ साली छापला गेला. कुणीतरी तो शेतीच्या हिशोबाच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घेतला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या घरी बाबांच्या कापसाच्या हिशोबाच्या कागदांवरच मी दहावीची गणितं केली आहेत.

तर आलेखाच्या कागदावर चित्र काढलं आणि शेडात गेले. काकांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

'मॅडम, हे काय होय? चाव्या अडकवाचं हाय का?'

मी सांगितलं. त्यांनी रंधा बाजूला ठेवला, बिडी विझवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दोन गोष्टी विचारल्या. पहिली, 'गोटी एकच पडली पाह्यजे, दोन पडल्या त भांडण. बरोबर?' दुसरी, 'मंग याच्यात कोनाचीच वट चालत नाही म्हना.' मी म्हटलं, नाही चालत काका, म्हणूनच केलं होतं त्यांनी. ते थोडा वेळ कागदाकडेच पाहत राहिले आणि मग म्हणाले, 'सागवानाचं करू. आंब्याचं लाकूड वाकते.' जुन्या घराच्या चौकटीचं सागवान त्यांच्याकडे पडून होतं, ते घ्यायचं ठरलं.

आठ दिवसांत देतो म्हणाले, लागले तेवीस. ही माझी पहिली तक्रार. लग्नसराई संपलेली होती, पण पेरणीच्या तोंडावर डवऱ्या-तिफणीची दुरुस्ती आली आणि माझं काम मागे पडलं. तीन चकरा झाल्या. प्रत्येक वेळी काकूंनी चहा दिला, काकांनी 'परवा नक्की' म्हटलं. शेतकऱ्याचं अवजार आधी, हे मला पटतं. पण तसं आधीच सांगितलं असतं तर माझे साठ रुपये ऑटोचे तीनदा गेले नसते.

वस्तू हातात आली तेव्हा मात्र मी खूश झाले. तीन फूट उंच, दीड फूट रुंद फळी, मागे टेकू, खाली पाय. पाच उभ्या रांगा, प्रत्येकीत दहा खाचा. कडा इतक्या गुळगुळीत की सहावीच्या पोरीने हात फिरवला तरी कूस लागत नाही. कडेची नळी पारदर्शक, हार्डवेअरच्या दुकानातून मीच आणून दिलेली. खरी करामत नळीच्या तळाशी आहे. काकांनी तिथे दोन खिट्ट्या बसवल्या, एकीवर एक, मध्ये बरोबर एका गोटीची जागा. वरची खिटी आत ढकलली की वरच्या सगळ्या गोट्या अडतात. मग खालची बाहेर ओढायची, मध्ये अडकलेली एकच गोटी टप्पकन वाटीत पडते. खालची आत, वरची बाहेर, पुढची गोटी जागेवर येते. त्यांनी मला दहा वेळा करून दाखवलं, आणि दहाही वेळा एकच पडली. हे माझ्या चित्रात नव्हतं. चित्रात मी नुसता एक दांडा काढला होता.

दोष दोन निघाले. खाचा आधी इतक्या खोल पाडल्या होत्या की पट्टी पूर्ण आत जायची आणि नावच दिसायचं नाही. ते त्यांनी त्याच दिवशी मागून पातळ फळी ठोकून नीट करून दिलं, पैसे घेतले नाहीत. दुसरा दोष गोट्यांचा. काचेच्या गोट्यांना त्यांनी काळा-पांढरा ऑइलपेंट दिला होता. पंधरा दिवसांत रंग उडाला आणि एका काळ्या गोटीतून हिरवी काच दिसायला लागली. पोरं लगेच म्हणाली, मॅडम ही ओळखू येते. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी पोळ्याच्या बाजारात बैलांच्या माळांचे मोठे मणी मिळतात ना, ते आणले, दहा काळे, दहा पांढरे. एका मापाचे, रंग आतपर्यंत पक्का. तेच आजपर्यंत चालू आहेत. ऑगस्टच्या झडीत सागवान जरा फुगलं आणि पट्ट्या घट्ट बसायला लागल्या, पण मेणबत्ती घासल्यावर काम झालं.

पट्ट्या उरलेल्या तुकड्यांतूनच कापून घेतल्या, बोटाएवढ्या रुंद, वितीपेक्षा लहान. प्रत्येक पोराने स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. अथेन्सच्या पट्टीवर आईचं नाव नसे. आमच्या पट्टीवर आधी आईचं आणि मग वडिलांचं. तिथल्या कितीतरी लोकांच्या पट्ट्या त्यांच्या कबरींत सापडल्या आहेत. मेल्यावरही सोबत ठेवावीशी वाटली इतकी ती जपलेली वस्तू होती, हे मी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी आठवीच्या एका पोराने पट्टीला घरचं एरंडेल चोळून आणलं.

आता पाच रांगांचं काय करायचं, यावर मी सर्वांत जास्त डोकं खर्च केलं, आणि या वस्तूचा खरा उपयोग मला तिथेच कळला.

माझ्याकडे तिन्ही वर्ग मिळून ५१ पोरं. गावातली २१, तांड्यावरची २०, पोडावरची १०. सगळ्यांच्या पट्ट्या मिसळून लावल्या असत्या तर एखाद्या महिन्यात पोडावरचं एकही नाव आलं नसतं. अथेन्समध्ये क्लेइस्थेनिस नावाच्या माणसाने इसवी सन पूर्व ५०८-५०७ च्या सुमारास नेमका हाच गुंता सोडवला. त्याआधी तिथे मोठ्या घराण्यांचे गट होते, प्रत्येकाचं आपापलं राज्य. त्याने सगळ्या मुलखाचे तीन भाग केले, शहर, समुद्रकाठ आणि आतली खेडी. प्रत्येक भागाचे दहा तुकडे, म्हणजे तीस. मग शहराचा एक, काठाचा एक, आतला एक असे तीन तुकडे जोडून एक जमात केली. अशा दहा जमाती. प्रत्येकीतून ५० माणसं बुलेमध्ये. त्यामुळे डोंगरातला कोळसेवाला आणि बंदरावरचा नावाडी एकाच जमातीत, एकाच बाकावर. आणि जागा गावाच्या आकारानुसार. अकार्नाय नावाचं मोठं गाव होतं, त्याला २२ जागा, एखाद्या लहान गावाला एकच. पण ती एक जागा हमखास असायची.

मी तेच केलं. गावाला दोन रांगा, तांड्याला दोन, पोडाला एक. म्हणजे कोणतीही आडवी ओळ घ्या, त्यात गावातले दोन, तांड्यावरचे दोन, पोडावरचं एक. दहा मणी, दोन पांढरे, आठ काळे. दोन ओळी निघाल्या की दहा जणांचं मंडळ तयार. महिनाभर त्यांनी काम पाहायचं. निघालेल्या ओळी बाजूला ठेवायच्या आणि पुढच्या महिन्यात उरलेल्यांतून काढायच्या. पाच महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते. डिसेंबरपासून दुसरी फेरी. वर्षात दोन पाळ्या, अथेन्सवाल्यांच्या आयुष्यात दोन होत्या तशा. तिथेही वर्षाचे दहा भाग असत, ३५-३६ दिवसांचे, आणि एकेका भागात एकेका जमातीचे ५० जण आळीपाळीने कामाला बसत. ते ज्या गोल इमारतीत बसत तिथेच त्यांचं सरकारी जेवण असे. हे ऐकून पोरांनी लगेच आपल्या पोषण आहाराच्या शेडकडे बोट दाखवलं.

गावातली एक मुलगी जास्तीची उरली. पहिल्या फेरीत तिला पाण्याच्या घड्याळावर बसवलं आणि दुसऱ्या फेरीत तिची पट्टी सगळ्यांच्या आधी लावली. पाण्याचं घड्याळ म्हणजे तळाजवळ भोक पाडलेलं मडकं. अथेन्सच्या आगोरात असं एक मातीचं भांडं सापडलं आहे, साधारण साडेसहा लिटरचं, सहा मिनिटांत रिकामं होणारं. पाणी संपलं की बोलणं बंद. आमचं बाजारातल्या कुंभाराकडून आणलेलं मडकं तीन मिनिटांत रिकामं होतं, आणि तेवढा वेळ पुरतो. त्या सापडलेल्या भांड्यावर आंटिओखिस या जमातीचं नाव कोरलेलं आहे. तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याच जमातीचा. इसवी सन पूर्व ४०६ मध्ये तो सोडतीने बुलेमध्ये आला होता. आर्गिनुसायच्या आरमारी लढाईनंतर सेनापतींचा निवाडा एकाच मतदानात, सगळ्यांचा मिळून करायचा असा लोकांनी धोशा लावला. हे कायद्याला धरून नाही म्हणून तो अडून बसला. लोकांनी ऐकलं नाही, सेनापती मारले गेले. पण नाही म्हणणारा एक माणूस तिथे होता, आणि तो कुणाच्या शिफारशीने आलेला नव्हता.

जुलैची पहिली सोडत प्रार्थनेनंतर व्हरांड्यात केली. पहिल्या तीन गोट्या काळ्या पडल्या. चौथी पांढरी. चौथ्या ओळीत पोडाच्या रांगेत सातवीतला एक पोरगा होता, जो माझ्याशीही खाली मान घालूनच बोलायचा. पोरं ओरडली. तो उठलाच नाही, त्याला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी म्हणून राहिले. शेजारच्याने ढोसल्यावर उभा राहिला. पहिल्या बैठकीत गप्प, दुसऱ्या बैठकीतही गप्प. तिसऱ्या बैठकीत मडक्याचं बूच काढल्यावर तो बराच वेळ पाण्याच्या धारेकडे पाहत होता. मग म्हणाला, 'नाल्याले पूर आला का आमी पलीकडं थांबतो. पानी उतरलं का येतो. तवर हजेरी झाली रायते.' एवढंच. पाणी अर्धंसुद्धा गेलं नव्हतं. मी सहा वर्षं त्या पोरांच्या नावापुढे उशिराच्या खुणा करत होते, आणि नाल्याचं मला एकाही वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात पोडावरच्यांची हजेरी पहिल्या तासानंतर घ्यायची, असा ठराव मंडळाने केला. मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली.

अथेन्समध्ये बुलेने आधी विचार केल्याशिवाय कोणताही विषय लोकांच्या सभेपुढे जात नसे. सभा वर्षातून ४० वेळा, टेकडीवर उघड्यावर. सभेत दवंडीवाला विचारायचा, 'कोणाला बोलायचं आहे?' मोठ्या निर्णयांना ६,००० माणसं लागत. आपल्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी ती लागते, आणि तेवढी भरली नाही म्हणून तहकूब झालेल्या सभा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. विषयपत्रिका आधी फळ्यावर लावायची, हा नियम मी अथेन्सकडूनच उचलला. मंडळाचे विषय आता शनिवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिले जातात आणि सोमवारी बैठक होते. अध्यक्ष रोज बदलतो. तिथे रोज एक माणूस सोडतीने निघायचा, एक दिवस आणि एक रात्र खजिन्याच्या चाव्या आणि शिक्का त्याच्याकडे. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आहे. त्या दिवशी ज्याच्याकडे किल्ली असते, तो शर्टाच्या खिशावर हात ठेवूनच फिरतो.

दिवाळीनंतर तांड्यावरची सात पोरं आईबापांसोबत ऊसतोडीला गेली. त्यांच्या पट्ट्या काढताना माझा जीव खालीवर झाला. रांगा तोकड्या झाल्या. अशा वेळी अथेन्समध्ये बहुधा सर्वांत लहान रांगेएवढ्याच ओळी धरत, खालच्या सगळ्या बाद. तसं केलं असतं तर पोडावरचे चार जण कारण नसताना गेले असते. म्हणून उरलेली तेरा पोरं मी दहाही ओळींत पसरवली, काही खाचा रिकाम्या ठेवल्या, आणि मंडळ कधी दहाचं, कधी नऊचं, कधी आठचं झालं. त्या सात पट्ट्या मी टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत.

एक गोष्ट मी वर्गात सांगितली, ती इथेही सांगते. अथेन्सच्या त्या शिळेत माझ्या नावाची पट्टी कुणी लावली नसती. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले नाहीत. तांड्यावरची एक मुलगी पटकन म्हणाली, 'मॅडम, मंग आमी पन नाही.' हो, बेटा, तुम्हीही नाही. त्यांनी यंत्र चांगलं केलं, खाचा मात्र कमी लोकांसाठी पाडल्या.

खर्च सांगते. फळी, पाय, नळीचं काम मिळून ३,२०० रुपये. पट्ट्या दहा रुपयांना एक, ५१ पट्ट्यांचे ५१०. नळी आणि मणी माझे वेगळे. सागवान आहे, काम हाताचं आहे, त्यामानाने भाव रास्त वाटला. उधारी ठेवत नाहीत, अर्धे आधी द्यावे लागतात. बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून देतात. शाळेच्या खात्यातून पैसे टाकायचे असतील तर ही अडचण येईल, मला आली आणि मी स्वतःच्या खिशातून दिले.

कामाला पाचपैकी पाच. वेळेला दोन. ज्यांना करून घ्यायची असेल त्यांनी मृगाच्या आधी किंवा पोळ्यानंतर जावं, पेरणीत जाऊ नये. चित्र मापासकट न्यावं. खाचेची खोली स्वतः उभं राहून पट्टी घालून पाहावी. रंगवलेल्या गोट्या घेऊ नयेत. फोन ते उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत प्रत्यक्ष जावं लागतं. गेल्या आठवड्यात टेकूचा स्क्रू ढिला झाला म्हणून गेले होते, तेव्हा शेडात तशीच दुसरी फळी उभी दिसली, अजून रंधा न मारलेली. कोणाची म्हणून विचारलं. काकांच्या साळ्याचं गाव आहे पलीकडे, तिथल्या महिला बचत गटाने कर्जाची पाळी ठरवायला सांगितली आहे म्हणे. रांगा चार आहेत. खिट्ट्या यावेळी पितळेच्या लावणार आहेत, लाकडाची खिटी पावसाळ्यात अडते, हे त्यांचं त्यांनाच कळलं होतं.